मी तीसवरच लावलं होतं

घोंगडं मशीनमध्ये टाकायची कल्पना माझी नव्हती. हे सगळ्यात आधी सांगून टाकते, कारण गेल्या नवरात्रात आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला नेमकं याच्या उलट सांगितलं गेलं. सांगणारे माझे सासरे होते आणि मान डोलावणारे बाकी सगळे. मी तिथंच चहाचे कप घेऊन उभी असायचे.

राहू गावाच्या बाहेर, कालव्याच्या अंगाला आमचं घर. घरात तिघंच. सासरे, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, माझा नवरा, जो शिक्रापूरला एका गोदामात सुपरवायझर आहे, आणि मी. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. मी कुरकुंभला एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. सकाळी स्कूटीनं चौफुल्यापर्यंत जायचं, तिथून कंपनीची बस. दिवसभर माझं काम म्हणजे टाक्यांवरचे आणि पाइपांवरचे तापमानाचे, दाबाचे सेन्सर खरं बोलतात की खोटं ते तपासायचं. मी सही केली की त्या आकड्यावर विश्वास ठेवून माणसं व्हॉल्व्ह उघडतात. घरात मात्र माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही हे मला चाळिशीत कळलं, आणि तेही एका वॉशिंग मशीनमुळे.

आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवून काढायची रीत आहे. गोधड्या, वाकळा, चादरी, पडदे, काहीसुद्धा ठेवायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ट्रॉलीत सगळं भरून नदीवर जायचो. आता त्या नदीला पुण्याचं काळं पाणी येतं, वर साबणासारखा फेस तरंगतो. त्यात धुतलेली गोधडी पांघरून कुणी झोपून दाखवावं. म्हणून आता सगळं घरीच, मशीनमध्ये. दोन-तीन दिवस मशीनला उसंत नसते आणि मलाही नसते.

त्या गठ्ठ्यात घोंगडं होतं. काळं, कडेला पांढरी पट्टी असलेलं. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. आबांच्या आईनं स्वतःच्या मेंढरांची लोकर चातीवर कातली, विणकराकडून ते घोंगडं विणून घेतलं, आणि त्यानंतर वर्षभरात मेंढरं विकून हे लोक कायमचे शेतीला लागले. म्हणजे आमच्या कळपाच्या लोकरीचं ते शेवटचं. एरवी ते ट्रंकेत असतं. नवरात्रात देव्हाऱ्यासमोर पसरतात आणि आबा नऊ दिवस पूजेला त्यावरच बसतात. घरात त्याला कुणी पाय लावत नाही.

"यंदा घोंगडं बी टाक तुझ्या मशिनीत," आबा म्हणाले.

मी म्हटलं, "आबा, लोकर आहे ती. गार पाण्यात हातानं धुते मी."

"हातानं धुवून त्यातला वास जायाचा न्हाई. मशीन घेतली कशाला मग?"

त्यांच्यापुढं किती बोलणार? मशीनवर लोकरीसाठी वेगळा प्रोग्रॅम आहे. त्यात पाणी तीस डिग्रीच्या वर जात नाही आणि ड्रम अगदी हळू फिरतो. मी तो प्रोग्रॅम लावला, साबण पातळ घातला, पिळणं कमीत कमीवर ठेवलं. बटण दाबायच्या आधी आकडा परत वाचला. तीस. माझी ती सवय आहे, मी कुठलंही बटण दाबण्याआधी आकडा दोनदा वाचते. मग भाकरी करायला आत गेले.

मशीन वाजलं तेव्हा मी दाराच्या काचेला हात लावला आणि चटकन मागं घेतला. काच भाजत होती. दार उघडलं तर आतून वाफ आली. घोंगडं बाहेर काढलं ते घोंगडं राहिलंच नव्हतं. आखडून, गुठळून, खोगिरासारखं जाड झालेलं. एका माणसाला पांघरून उरायचं ते आता लहान पोराच्याही अंगावर पुरलं नसतं. मी ते दोन्ही हातांनी ताणून बघितलं. लोकर एकदा अशी आटली की परत सुटत नाही हे मला माहीत होतं, तरीही ताणत राहिले.

आबा आले, बघितलं. मग म्हणाले, "उकळत्या पाण्यात घातलंस व्हय?"

"नाही आबा. मी तीसवरच लावलं होतं. हे बघा, काच किती गरम झालीय. मशीनमध्येच काहीतरी बिघडलंय."

"मशीनला कळतंय व्हय, कुणाचं घोंगडं हाय ते? चादरी बऱ्या निघाल्या सगळ्या?"

चादरी बऱ्या निघाल्या होत्या, कारण सुती कापडाला गरम पाण्यानं काही होत नाही. मी तेही सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. मला राग आला होता आणि माझा राग लपत नाही, आवाज चढतो आणि मान लाल होते. आबांनी माझ्याकडे एकदा रोखून बघितलं, घोंगडं उचललं आणि आत निघून गेले.

संध्याकाळी नवरा आला. त्याला दोन बाजू ऐकायला मिळाल्या आणि त्यानं नेहमीप्रमाणे दोघांच्या मध्ये उभं राहून कुणाचीच बाजू घेतली नाही. मी म्हटलं, मशीनचं मागचं झाकण उघडते, सेन्सर तपासते, अर्ध्या तासाचं काम आहे. तर म्हणाला, "उघडू नकोस, वॉरंटी जाईल. मी माणूस आणतो." म्हणजे कंपनीत जे काम करण्याचा मला पगार मिळतो, ते काम स्वतःच्या घरात करायला मला बंदी. मी गप्प बसले. ती माझी पहिली चूक, आणि हा एक शब्द मी इथं स्वतःहून वापरतेय.

दोन दिवसांनी नवऱ्यानं शिक्रापूरहून मेकॅनिक आणला. घरात माणूस आला की कोण कुणाशी बोलतं यावरून बरंच कळतं. हा सगळं माझ्या नवऱ्याशी बोलत होता. "साहेब, कंप्लेंट काय हाय?" मी सांगायला लागले की तो ऐकायचा माझं आणि उत्तर द्यायचा त्याला. झाकण उघडलं. खाली हीटरच्या शेजारी रबरात बसवलेला सेन्सर असतो, करंगळीच्या पेराएवढा. त्यानं वायर सोडवली, मीटर लावला, आकडा बघितला.

"सेन्सर ओके हाय साहेब. हीटर बी ओके. मशीनला काय झालेलं न्हाई."

"मग पाणी उकळलं कसं?" मी विचारलं.

तो नवऱ्याकडे बघून हसला. "वहिनींनी चुकून कॉटनवर लावलं असणार. व्हतं साहेब असं. घरोघरी व्हतं."

आबा दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकलं, मागं वळले आणि गेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि मी काय केलं? काही नाही. कारण माणूस बॅग घेऊन आला होता, त्याच्याकडे मीटर होता, आणि त्यानं 'ओके' म्हटलं होतं. त्या दिवशी जेवताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं की खरंच माझा हात सरकला असेल का? आकडा दोनदा वाचलेला मला स्पष्ट आठवत होता, तरी शंका आली. मी त्या मेकॅनिकवर चिडले होतेच, पण या शंकेबद्दल मी स्वतःवर जेवढी चिडले तेवढी त्याच्यावर नाही.

घट बसले. आबा प्लॅस्टिकच्या चटईवर पूजेला बसू लागले. घरात आसनं होती, सतरंजी होती, पण त्यांनी चटईच निवडली. पाहुणे यायचे, दर्शन घ्यायचे आणि कुणीतरी विचारायचंच, "आबा, घोंगडं कुठं गेलं?" मग आबा उठून ते आटलेलं घोंगडं आणून दाखवायचे. "सुनंनं उकडून काढलं. माझ्या आईच्या हातचं हुतं." बायका हळहळायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. एकीनं तर मला बाजूला घेऊन सांगितलं की लोकर गार पाण्यात धुवायची असते. मी तिला म्हटलं, बरं झालं सांगितलंत. आणखी काही बोलले असते तर देवासमोर भांडण झालं असतं.

तिसऱ्या माळेपासून आबांनी स्वतःचे कपडे मला द्यायचे बंद केले. पंच्याहत्तरीचा माणूस अंगणातल्या नळावर बसून स्वतःचं धोतर आपटून धुतोय, येणारा-जाणारा बघतोय. मी दोनदा घ्यायला गेले. "राहू दे," म्हणाले, "तुला नोकरी असती." हे जर ते रागानं म्हणाले असते तर मीही दोन शब्द बोलले असते. ते अगदी शांतपणे म्हणाले. त्या शांतपणानं माझ्या डोक्यात तिडीक गेली.

नवऱ्यानं एका रात्री समजूत घातली. "एकदा म्हण ना, आबा, चुकलं माझं. आबा एका मिनिटात विसरतील. तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय! मी त्याला विचारलं, तुझ्या गोदामात माल कमी भरला आणि तू घेतलेला नसेल, तर तू म्हणशील का 'चुकलं माझं'? तर म्हणाला, "ते वेगळं, ते नोकरीचं आहे." मग मी बोलणंच सोडलं. पण एक ठरवलं, की हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. घोंगडं गेलं त्याचं मला आबांइतकंच दुःख होतं. ते मी आधीच बोलूनही दाखवलं होतं. पण 'वाईट वाटतं' आणि 'चुकलं' यात फरक आहे, आणि त्या घरात तो फरक कुणालाच कळत नव्हता.

दसऱ्याची सुट्टी झाल्यावर मी कामावर गेले. त्या दिवशी एका सेन्सरची तपासणी होती. आमच्याकडे त्यासाठी तेलाची एक छोटी टाकी असते, तिचं तापमान पाहिजे तेवढं वाढवता येतं. सेन्सर त्यात बुडवायचा, गार असताना आकडा घ्यायचा, मग थोडं तापवून, मग आणखी तापवून. कधीही एकाच आकड्यावर 'ओके' लिहायचं नाही. सेन्सर गार असताना अगदी बरोबर बोलतो आणि तापला की खोटं बोलायला लागतो, हे मी शंभर वेळा पाहिलंय. नवीन आलेल्या पोरींना मी स्वतः हेच शिकवते. पहिला आकडा लिहिला, दुसरा लिहिला, आणि पेन हातात तसंच राहिलं.

मेकॅनिकनं आमचा सेन्सर गार असतानाच तपासला होता. एकदाच. आणि ते मी समोर उभी राहून बघितलं होतं! माझ्या हाताखालच्या पोरीनं असं केलं असतं तर मी तिचा कागद फाडून टाकला असता. पण बॅग घेऊन आलेल्या बाप्यानं केलं आणि मी मूग गिळून बसले, वर स्वतःवर शंका घेतली. मी तिथल्या तिथं इतक्या मोठ्यानं स्वतःला शिवी घातली की शेजारच्या टेबलवरचा ऑपरेटर वळून बघायला लागला.

शनिवारी सुटल्यावर दौंडला गेले. मशीनचे सुटे भाग विकणारं एक दुकान शोधून काढलं आणि आमच्या मॉडेलचा नवा सेन्सर घेतला. दुकानदारानं विचारलं, "मेकॅनिक कोण आहे?" म्हटलं, मीच. रविवारी नवरा ड्यूटीवर होता. वॉरंटी गेली खड्ड्यात म्हटलं, मशीन भिंतीपासून ओढलं, झाकण काढलं आणि जुना सेन्सर रबरातून उपटून बाहेर काढला.

आता हे एकटीनं तपासून मला काही उपयोग नव्हता. मला माहीत होतंच. मला आबांना दाखवायचं होतं. आबा ओट्यावर पेपर वाचत होते. मी म्हटलं, "आबा, तुमचं दुधाचं थर्मामीटर पाहिजे."

हे सांगायला हवं की आबांनी गावातल्या दूध संकलन केंद्रावर पंचवीसेक वर्षं दूध मोजलं. दुधात लॅक्टोमीटरची नळी सोडून दाटपणाची डिग्री बघायची, पाणी घातलंय का ते ओळखायचं. त्यांची ती नळी आणि काचेचं थर्मामीटर अजून त्यांच्या कपाटात कापसात गुंडाळलेलं असतं.

"कशाला पायजे?" त्यांनी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं.

"तपासायचंय. मशीनचा सेन्सर."

"तपासला की त्या माणसानं."

मी तिथंच उभी राहिले. मग जे बोलले ते ठरवून बोलले नाही. "आबा, केंद्रावर कुणाच्या दुधाची डिग्री कमी आली तर तुम्ही लगेच म्हणत होता का, की यानं पाणी घातलंय?"

"असं कसं म्हणीन?" त्यांनी पेपर खाली घेतला. "धारंचं दूध कोमट असतंय. कोमट दुधाची डिग्री कमीच दिसती. आधी थर्मामीटर बुडवायाचा. दूध गार करून परत बघायाचं. त्याबिगर मी कवा कुणाला बोल लावला न्हाई. माणसाच्या इज्जतीचा सवाल असतोय त्यो."

"मग माझ्या वेळी का नाही बुडवला?"

आबांनी पेपरची घडी घातली, आत गेले आणि कापसातलं थर्मामीटर घेऊन आले.

स्वयंपाकघरात ओट्यावर एका पातेल्यात मी माठातलं पाणी घेतलं. दोन्ही सेन्सर, जुना आणि नवा, एकत्र दोऱ्यानं बांधून टोकं पाण्यात सोडली. माझ्या मीटरची टोकं एकदा नव्याला, एकदा जुन्याला लावायची होती. आबांना सांगितलं, "हा सेन्सर गार असला की आकडा मोठा दाखवतो. पाणी तापेल तसा आकडा उतरायला पाहिजे. उतरला की मशीनला कळतं पाणी तापलं, आता हीटर बंद करा. तुम्ही तापमान वाचा, मी आकडा वाचते."

"पंचवीस," आबा म्हणाले. चष्मा कपाळावर चढवून, थर्मामीटर डोळ्यांच्या रेषेत धरून, जसा केंद्रावर धरत असतील तसाच.

नव्याचा आकडा बारा. जुन्याचाही बारा. "बघा," मी म्हटलं, "त्या माणसानं एवढंच बघितलं आणि गेला."

मग गॅसवरचं गरम पाणी त्यात ओतलं, ढवळलं, थांबले. "चाळीस," आबा म्हणाले. नवा साडेसहा. जुना अकरा. आबांनी माझ्या हातातला मीटर स्वतःकडे वळवून घेतला. "परत लाव." परत लावलं. साडेसहा आणि अकरा. आणखी पाणी ओतलं. "साठ." नवा तीनच्या थोडा वर. जुना दहा.

"म्हंजी साठ झालं तरी मशीनला वाटतंय अजून गारच हाय," आबा म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते, पातेल्याशी बोलत होते.

"हो."

"आन् ती तापवतच बसती."

"हो आबा."

त्यांनी स्वतःच्या हातानं आणखी एकदा गार पाणी घेऊन सगळं पहिल्यापासून करून बघितलं. परत तेच आकडे आले. थर्मामीटर पुसून त्यांनी ओट्यावर ठेवलं. मला वाटलं होतं, हा क्षण आला की मला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आणखीच राग आला, कारण पातेलं, पाणी आणि दोन वायरी यांना जे एका तासात जमलं ते माझ्या तोंडच्या शब्दाला पंधरा दिवसांत जमलं नव्हतं.

आबा बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मी मशीनमध्ये नवा सेन्सर बसवला, झाकण लावलं आणि हात धुवून बाहेर आले. ते मान खाली घालून बसले होते.

"एक सांगू का पोरी," ते म्हणाले. "त्या दिवशी तू रडली असतीस ना, तर मी तुझं खरं मानलं असतं. तू चिडलीस. मला वाटलं, चुकलेलंच माणूस एवढं चिडतंय."

पंधरा दिवस मी डोक्यात मशीन उघडत होते, बंद करत होते, बटणं आठवत होते. आणि इकडे माझा निकाल माझ्या आवाजावरून लागला होता.

"आबा, मी रडले नाही कारण मी काही केलं नव्हतं! आता खरं कळलंय, आता तरी चिडू की नको?"

आबांनी मान वर केली. मग बाजूला सरकून म्हणाले, "चिड. मी बसलोय हितं."

आणि मी चिडले. पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. काचेला हात भाजला तो सांगितला, त्यांनी न ऐकता पाठ फिरवली ते सांगितलं, मेकॅनिक हसला ते, चटई, पाहुण्यांपुढचा पाणउतारा, मला बाजूला घेऊन लोकर शिकवणारी ती बाई, सगळं एकेक करून सांगितलं. आवाज चढला, मान लाल झाली. शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि परत गेली. आबा एकदाही उठले नाहीत, एकदाही "झालं ते झालं" म्हणाले नाहीत. मध्येच फक्त एवढं म्हणाले, "व्हय, हे मी केलं."

माझं सांगून संपत आलं होतं तेवढ्यात नवऱ्याची मोटारसायकल अंगणात आली. त्यानं माझ्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं, आणि हेल्मेट न काढताच घाईनं आत सटकायला लागला.

"कुठं चाललास?" आबा म्हणाले. "बस हितं माझ्याशेजारी. तुला बी ऐकायचं हाय."

तो बसला. मी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली.